‘निरक्षरांना मत कशाला?’ या विषयावर वादविवादाला कसं उभं राहावं

वादविवाद स्पर्धांमध्ये एक विषय काही वर्षांनी फिरून येतोच. कधी तो ‘विकसनशील देशांत राजकीय स्थैर्यासाठी मताधिकार मर्यादित असावा’ असा येतो, कधी ‘मतदानासाठी शिक्षणाची अट हवी’ असा. सोलापुरात मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतरही मुलांना या स्पर्धांसाठी तयार करते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर असतात. ज्यांना यादीतून वगळायचं असं हा विषय म्हणतो, ती माणसं या मुलांच्या घरातच आहेत. त्यामुळे ‘दोन्ही बाजूंनी बोलता येतं’ एवढं सांगून मी हा विषय सोडत नाही. माझं मत स्पष्ट आहे. मतदार कमी केले की सत्ताधाऱ्याला काही काळ निवांतपणा मिळतो, पण त्याला शांतपणे उतरवायची वाट बंद होते, आणि देश तिथेच फुटतो. हे सात मिनिटांत परीक्षकांच्या गळी कसं उतरवायचं, ते इथे लिहिते. विरुद्ध बाजू, म्हणजे मताधिकार मर्यादित असावा म्हणणारी, विषयाला अनुकूल बाजू वाट्याला आली तर काय करायचं, तेही पुढे आहे.

आधी विषय फोडा

मुलं विषय मिळाला की लगेच ‘लोकशाही म्हणजे…’ पासून लिहायला बसतात. तसं करू नका. कागदावर तीन प्रश्न लिहा. वगळायचं कोणाला: निरक्षरांना, भूमिहीनांना, कर न भरणाऱ्यांना, की एखाद्या जमातीला? हक्क कुठला काढून घ्यायचा: मत देण्याचा, की निवडणुकीला उभं राहण्याचा? आणि स्थैर्य मोजायचं कशाने?

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. प्रतिपक्ष स्थैर्य मोजतो ते एकच माणूस किती वर्षं खुर्चीवर बसला यावरून. तुम्ही पहिल्याच मिनिटात वेगळं माप मांडा: सत्ताधारी हरला तर तो रक्त न सांडता घरी जातो का? हे माप परीक्षकांनी मान्य केलं की पुढचे सगळे पुरावे तुमच्या बाजूने बोलायला लागतात. म्हणून इथे घाई नको. दोन वाक्यं सावकाश बोला, थांबा, मग पुढे जा.

दहा देशांची नावं नकोत, दोन देश पुरते शिका

नावांची यादी ऐकून परीक्षक प्रभावित होत नाहीत. पाकिस्तान आणि भारत ही जोडी घ्या. १९४७ पर्यंत एकच राज्ययंत्रणा, तेच कायदे, तशीच गरिबी, साक्षरता दोन्हीकडे तोकडी. मताधिकाराच्या बाबतीत मात्र दोघांनी वेगळ्या वाटा धरल्या. तुलनेसाठी याहून चांगली जोडी मला तरी सापडलेली नाही.

पाकिस्तानची गोष्ट मुलांना नीट माहीत नसते, म्हणून ती सविस्तर सांगते.

तिथे प्रांतांच्या निवडणुका प्रौढ मताधिकारावर झाल्या होत्या. १९५४ मध्ये पूर्व बंगालमध्ये (आजच्या बांगलादेशात) सत्ताधारी मुस्लिम लीगचा धुव्वा उडाला आणि विरोधकांच्या संयुक्त आघाडीचं सरकार आलं. दोन महिन्यांच्या आत कराचीतल्या केंद्र सरकारने ते बरखास्त केलं. देशाच्या संसदेसाठी थेट निवडणूक १९५९ च्या सुरुवातीला व्हायची होती. त्याआधीच ऑक्टोबर १९५८ मध्ये लष्करी कायदा आला आणि जनरल अयूब खान सत्तेवर बसले. त्यांचं म्हणणं आपल्या विषयाशी अगदी जुळणारं होतं: पाश्चात्त्य पद्धतीची लोकशाही आपल्या लोकांना झेपणारी नाही, त्यांना आधी गावपातळीवर तयार करावं लागेल. १९५९ मध्ये त्यांनी ‘बेसिक डेमोक्रसी’ नावाची व्यवस्था आणली. पूर्व आणि पश्चिम पाकिस्तान या दोन्ही भागांतून चाळीस-चाळीस हजार, म्हणजे एकूण ८०,००० स्थानिक प्रतिनिधी निवडायचे. लोकांचं थेट मत तिथेच संपलं. राष्ट्राध्यक्षाला या ८०,००० लोकांनीच मत द्यायचं. फेब्रुवारी १९६० मध्ये त्यांच्यापुढे एकच प्रश्न ठेवला गेला, अयूब खान यांच्यावर विश्वास आहे की नाही. ९५ टक्क्यांहून जास्त जणांनी होकार दिला.

इथे मुलांना मी थांबवते आणि विचारते: ८०,००० मतदारांना सांभाळायला काय लागतं? उत्तर तिथल्या कारभारातच आहे. ग्रामीण बांधकामांचा मोठा कार्यक्रम याच प्रतिनिधींच्या हातून राबवला जात होता. रस्ते, बंधारे, पूल यांचा पैसा त्यांच्याकडून जायचा. ज्याच्या कृपेने पैसा येतो त्यालाच मत द्यायचं आहे, आणि वर जिल्ह्याचा अधिकारी बसलेला आहे. कोट्यवधी मतदारांना असं बांधून ठेवणं कुठल्याही सरकारला जमत नाही. यादी छोटी असली की जमतं.

जानेवारी १९६५ मध्ये जिनांच्या भगिनी फातिमा जिना अयूब खानांविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यांच्या सभांना लोटलेली गर्दी पाहून सरकार हादरलं होतं. पण गर्दीला मत नव्हतं. ८०,००० च्या यादीत अयूब खान जवळजवळ ६३ टक्के मतं घेऊन जिंकले. कागदावर हे स्थैर्यच होतं. परदेशी तज्ज्ञ पाकिस्तानच्या विकासाचं कौतुक करत होते, आणि १९६८ मध्ये सरकारने ‘विकासाचं दशक’ साजरं केलं. त्याच वर्षाच्या अखेरीला विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर उतरले. त्यांच्याकडे दुसरा मार्गच नव्हता. मार्च १९६९ मध्ये अयूब खान गेले, आणि जाताना सत्ता दिली ती सेनापती याह्या खान यांच्या हाती. पुन्हा लष्करी कायदा.

आता त्याच्या शेजारी १९७७ चा भारत ठेवा. आणीबाणी लागलेली, विरोधक तुरुंगात राहिलेले, वर्तमानपत्रांवर बंधनं. १९७१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ३५ टक्क्यांच्याही खाली होती. अशा मतदारांनी मार्च १९७७ मध्ये इंदिरा गांधींना सत्तेवरून दूर केलं, रायबरेलीतही पाडलं. त्यांनी राजीनामा दिला. सैन्य बराकीतून बाहेर आलं नाही. तीन वर्षांनी त्याच मतदारांनी त्यांना परत आणलं. १९६९ चा पाकिस्तान आणि १९७७ चा भारत हे दोन प्रसंग एकापाठोपाठ एक सांगा. भाषणाचा कणा हाच आहे.

‘मग आणीबाणी आलीच कशी? प्रौढ मताधिकार तर होता!’ असा प्रश्न येईल. खरं उत्तर द्या. प्रौढ मताधिकार हुकूमशाहीची लागण होऊच देत नाही, असा आपला दावा नाही. ती उतरवायची सोय त्याने शिल्लक ठेवली, एवढाच आहे. दावा जेवढा आहे तेवढाच करणारा वक्ता परीक्षकांना आवडतो.

१९५२ चे आकडे पाठ असू द्या

२५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार सुमारे १७ कोटी ३२ लाख. १९५१ ची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बहुतेकांना उमेदवाराचं नाव वाचता येत नव्हतं. त्यावर उपाय म्हणून मतदारांना गाळलं नाही, मतपेटी बदलली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. बैलजोडी, झोपडी ओळखायला अक्षरं लागत नाहीत. उत्तरेकडच्या राज्यांत अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, ‘अमक्याची बायको’ एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत, आणि जवळजवळ २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. हा भाग लपवू नका. पुढच्या निवडणुकीपर्यंत यादी सुधारण्याची मोहीम झाली, हेही सांगा.

त्याआधीची स्थितीही दोन वाक्यांत यायला हवी. १९३५ च्या कायद्याखाली जमीन महसूल, प्राप्तिकर, घरभाडं, शिक्षण, सैन्यातली नोकरी असल्या अटींवर मत मिळायचं, आणि मतदार होते साधारण तीन ते साडेतीन कोटी. फाळणीच्या वाटाघाटी ज्या निकालांवर पुढे सरकल्या ती १९४६ ची निवडणूक याच आखूड यादीवर झाली होती. मर्यादित मताधिकाराने तेव्हाही देश शांत ठेवला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे आणि १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे जे मांडलं ते मिळवून वाचा. १९२८ मध्ये ते प्रौढ मताधिकार मागत होते, आणि ज्याला शिकू दिलं नाही त्याच्यावरच निरक्षरतेचा ठपका ठेवून मत नाकारणं हा दुहेरी अन्याय कसा ठरतो, हे त्यांच्या युक्तिवादातून समजतं. उतारा पाठ करू नका, युक्तिवाद आपल्या शब्दांत सांगा.

चाळणी कोणाच्या हातात?

प्रतिपक्ष म्हणेल, ‘आम्ही जात, धर्म, वंश पाहत नाही, फक्त शिक्षण पाहतो.’ इथे दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांताचं उदाहरण उपयोगी पडतं. तिथे १८५३ पासून मालमत्तेची अट होती आणि ती कागदावर सर्व वर्णांना सारखी होती. काळे मतदार वाढायला लागले तशी १८९२ मध्ये अट २५ पौंडांवरून ७५ पौंडांवर नेली आणि नाव, पत्ता, व्यवसाय लिहिता येण्याची जोड दिली. १९३६ मध्ये आफ्रिकी मतदारांना सामाईक यादीतून काढलं, १९५६ मध्ये मिश्रवंशीयांना. एकदा चाळणी हातात आली की तिची भोकं लहान करत नेण्याचा मोह सत्ताधाऱ्याला होतोच.

दक्षिण ऱ्होडेशियात १९६१ च्या संविधानाने दोन याद्या केल्या. जास्त उत्पन्न, मालमत्ता आणि शिक्षण असलेल्यांच्या ‘अ’ यादीला ६५ पैकी ५० जागा, बाकीच्यांच्या ‘ब’ यादीला १५. गोऱ्यांची लोकसंख्या काही टक्के, पण ‘अ’ यादी जवळजवळ त्यांचीच. १९६५ मध्ये इयन स्मिथ यांच्या गोऱ्या सरकारने ब्रिटनपासून फुटून स्वातंत्र्य जाहीर केलं, मग अनेक वर्षं युद्ध चाललं, आणि १९८० मध्ये झिम्बाब्वे झाला.

ब्राझील मला सगळ्यांत जास्त पटवून देणारा वाटतो, कारण तिथे अट थेट साक्षरतेची होती. १८८१ च्या कायद्याने निरक्षरांना बाहेर काढलं आणि मतदारसंख्या कोसळली. शंभर वर्षं हीच अट राहिली. त्या काळात १९३० चं सत्तांतर झालं, १९३७ ची हुकूमशाही आली, १९६४ चं लष्करी बंड झालं. त्या बंडाच्या आधी राष्ट्राध्यक्ष गुलार्त निरक्षरांना मत देण्याची भाषा करत होते, ही गोष्ट जरूर सांगा. निरक्षरांना मत मिळालं ते १९८५ मध्ये, लष्कर गेल्यावर. तेव्हापासून तिथे लष्करी राजवट परत आलेली नाही. याला ‘सिद्ध झालं’ म्हणू नका. ‘साक्षरतेच्या अटीने ब्राझीलला बंडांपासून वाचवलं नाही’ एवढं म्हणा. ते खोडता येत नाही.

श्रीलंका वापरताना मात्र जपून. १९३१ मध्ये तिथे स्त्री-पुरुष सर्वांना मत मिळालं, आपल्या कितीतरी आधी. १९४८-४९ च्या कायद्यांनी मळ्यांवरच्या भारतीय वंशाच्या तमिळांचं नागरिकत्व आणि मत गेलं. पण पुढचं यादवी युद्ध प्रामुख्याने उत्तर-पूर्वेच्या तमिळांच्या प्रश्नावरून पेटलं. दोन्हींना एका रेषेत जोडणाऱ्या मुलाला जाणता परीक्षक तिथेच पकडतो.

आपल्याकडची मर्यादित यादी

आता महाराष्ट्रात या. आपल्या विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांतले ७ पदवीधरांनी, ७ शिक्षकांनी आणि २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांनी निवडायचे असतात. मर्यादित मताधिकार कसा चालतो हे पाहायला परदेशी जायची गरज नाही.

पदवीधर मतदारसंघात पसंतीक्रमाचा आकडा लिहायचा असतो, आणि मोजणीत हजारो मतं बाद होतात: कोणी टिक केलेली, कोणी सही केलेली. पदवी असली म्हणजे मतपत्रिका बरोबर भरता येते असंही नाही, हे इथे आपोआप दिसतं. मात्र पदवीधरांना हसू नका, स्पर्धेच्या श्रोत्यांत निम्मे तेच बसलेले असतात. स्थानिक संस्थांच्या जागांसाठी मतदार काही शेकड्यांत असतात. मतदानाआधी नगरसेवकांना एकत्र बाहेरगावी नेऊन ठेवल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत. ‘गरीब माणूस पाचशे रुपयांत मत विकतो’ हा मुद्दा प्रतिपक्षाने काढला की हेच उत्तर द्या. मतं विकली जाण्याचा धोका यादी आखडल्याने कमी होत नाही, प्रत्येक मताचा भाव तेवढा वाढतो.

गोव्याचा कौलही हाताशी ठेवा. १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं हे गोव्याने मतपेटीतून ठरवलं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत खरी निवडणूक न पाहिलेल्या लोकांनी, त्यात असंख्य निरक्षर, ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारलं. भावना टोकाच्या होत्या, घराघरांत दोन तट होते. तरी हरलेल्यांनी निकाल मानला, कारण सगळ्यांना विचारलं होतं.

अनुकूल बाजू आली तर

चिठ्ठी उघडल्यावर नको ती बाजू निघाली म्हणून तोंड पाडू नका. ती बाजू प्रामाणिकपणे मांडायची एक रीत आहे. मतदाराच्या लायकीवर बोलूच नका, निवडणुकीच्या वेळेवर बोला. बुरुंडीत १९९३ मध्ये निवडणूक झाली, निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांची काही महिन्यांत हत्या झाली आणि यादवी पेटली. अंगोलात १९९२ च्या निवडणुकीनंतर बंडखोरांचे नेते साविंबी यांनी निकाल नाकारला आणि युद्ध पुन्हा सुरू झालं. न्यायालय, निवडणूक यंत्रणा, एका हुकमाखालचं सैन्य आधी, पूर्ण मताधिकार नंतर, असा मुद्दा मांडता येतो. (प्रतिकूल बाजूने याचं उत्तर: दोन्हीकडे अडचण हरलेल्यांच्या हातातल्या बंदुकांची होती, मतदारांच्या अक्षरओळखीची नव्हे.)

दुसरी रीत उमेदवाराच्या पात्रतेची. राजेंद्र प्रसादांनी २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत लोकप्रतिनिधींना काही पात्रता ठरवली असती तर बरं झालं असतं, अशी खंत बोलून दाखवली होती, आणि त्याच भाषणात खेड्यातल्या निरक्षर मतदाराच्या शहाणपणावर विश्वासही दाखवला होता. भूतानमध्ये संसदेचा उमेदवार पदवीधर असावा लागतो, आणि २००८ पासून तिथे सरकारं शांतपणे बदलली आहेत. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. आपल्याकडेही १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्या सरपंचाला सातवी पास असावं लागतं. माझं स्वतःचं मत राजस्थानच्या बाजूने आहे. तिथे अशीच अट घालून २०१९ मध्ये ती मागे घेतली, कारण अटीचा फटका कोणाला बसतो हे वर्गात बसून कळतं: आठवीत शाळा सुटलेल्यांत मुली किती असतात ते मी वर्षानुवर्षं हजेरीपटावर पाहिलं आहे.

बोलताना

एका कार्डावर एकच मुद्दा लिहा. आकडा म्हणताना आधी वर्ष, मग देश, मग संख्या. उलट्या क्रमाने बोललं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात काही राहत नाही. पहिली घंटा झाली की नवा देश काढू नका. प्रतिपक्षाचा वक्ता ‘अडाणी’, ‘अंगठेबहाद्दर’ असं बोलला तर चिडू नका, त्याचा शब्द परत वापरू नका, सरळ अयूब खानांच्या ८०,००० वर या.

ब्रिटनचं उदाहरण हमखास येतं: तिथे मताधिकार १८३२, १८६७, १८८४, १९१८, १९२८ असा टप्प्याटप्प्याने वाढला आणि देश स्थिर राहिला. उत्तर असं द्या की प्रत्येक टप्पा मागण्या, मोर्चे, तुरुंगवास यांनंतरच आला. वरच्यांनी हक्क आपणहून मापून मापून दिले नाहीत. आणि तिथे आधी मिळालेलं मत काढून घेतलं जात नव्हतं, हळूहळू दिलं जात होतं. आपला विषय मिळालेलं मत परत घेण्याचा आहे.

१९७० वरही प्रश्न येईल: ‘पाकिस्तानात प्रौढ मताधिकारावर पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि वर्षभरात देश फुटला, मग?’ इथे बरीच मुलं अडखळतात. तारखा हाच उपाय. डिसेंबर १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या अवामी लीगला ३०० पैकी १६० जागा मिळाल्या, म्हणजे स्पष्ट बहुमत. संसदेचं अधिवेशन भरूच दिलं नाही. २५ मार्च १९७१ ला ढाक्यात सैन्य घुसलं. देश फुटला तो मत दिल्याने नाही, दिलेलं मत झिडकारल्याने.

शेवटी एखादा परीक्षक हमखास विचारतो, ‘मग सोळा वर्षांच्यांनाही मत द्यायचं का?’ मुलं गोंधळून ‘नाही, नाही’ म्हणतात आणि स्वतःचाच युक्तिवाद मोडतात. असं सांगा: वयाची अट प्रत्येक माणूस कधीतरी ओलांडतोच, म्हणून ती कोणत्याही गटाला कायमची बाहेर ठेवत नाही. भारताने ती २१ वरून १८ केली, १९८९ मध्ये. ब्राझीलच्या १९८८ च्या संविधानाने तर सोळा-सतरा वर्षांच्यांना आणि निरक्षरांना एकाच कलमात ऐच्छिक मतदान दिलं आहे. एवढं बोलून खाली बसा.